सातव्या महिन्याआधी हे विचारून ठेव

पोरी,

मेसेज वाचला तुझा. बाळंतपण आईकडे तालुक्याला करू की पुण्यातच, आणि सिझर टळेल ना, हे तू दोन प्रश्न म्हणून विचारलेस पण ते एकच आहेत गं. एनएफएचएस-५ म्हणजे सरकारचा २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे बघ, देशभरात सरकारीत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरची आणि खाजगीत ४७.४. दवाखान्याची पाटी बदलली की बाईची कंबर बदलते का?

म्हणून एसी रूम नंतर बघ. आधी विचार, रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात येतो, रक्ताची सोय कुठून, बाळाला काही झालं तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, किती लांब. आणि सरळ विचार, तुमच्याकडे शंभर पहिलटकरणींत सिझर किती होतात? आकडा सांगणारा डॉक्टर बरा, जरा जास्त असला तरी. कळा देताना आई किंवा बहीण आत चालते का, चालूफिरू देतात का, हेही.

कारणं ऐकशील तेव्हा घाबरू नकोस. नाळ गळ्याभोवती आहे, एवढ्यावर सिझर लागत नाही, कितीतरी बाळं तशीच नीट जन्मतात. बाळाभोवतीचं पाणी कमी म्हणाले तर किती कमी ते विचार, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा काढायला सांग. तारीख उलटली म्हणजे लगेच काही बिघडलं असं नाही, सगळं ठीक असेल तर लक्ष ठेवून एक्केचाळीस आठवड्यांपर्यंत थांबता येतं. पण वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, बाळाचे ठोके मंदावायला लागले, तर मात्र वाद घालायचा नाही, तिथे सिझरच जीव वाचवतं आणि सहीसाठी मामा-काकांना फोन करत बसायचं नाही.

एक मात्र लिहितेच, लेबर रूममध्ये आयुष्य गेलं म्हणून. घाई दरवेळी डॉक्टरची नसते. पोरीच्या पिशवीचं तोंड तीनच सेंटिमीटर उघडलेलं असतं, ती ओरडते, बाहेर नवरा घामाघूम आणि सासू दार ढकलून म्हणते सिस्टर करा हो तिला मोकळी, लेकरू तळमळतंय! डॉक्टरही दिवसभराचा दमलेला, मग काय होणार. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये सांगितलंय की खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटिमीटरपासून धरायच्या, तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असं नाही. हे तुझ्या नवऱ्याला आत्ताच समजावून ठेव, त्या रात्री त्याच्या डोक्यात काही शिरणार नाही. आणि कोणी पत्रिकेतला मुहूर्त काढून आणला तर तो कागद सरळ कपाटात टाक 🙂

खोट्या कळांना धावत जाऊन ॲडमिट होऊ नकोस, लवकर गेलं की कळा वाढवायचं सलाईनही लवकर लागतं. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

सरकारीला नाक मुरडू नकोस. संडासाचं मी काही बोलत नाही, पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून नॉर्मल आणि सिझर दोन्ही फुकट, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायला गाडीसुद्धा. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, आईकडे गेलीस की एकदा जाऊन ये, नाव नोंदव, खाजगीत ठरवलंस तरी. फाइलमधले सोनोग्राफीचे रिपोर्ट तारखेवार लाव आणि हिमोग्लोबिन किती आलं ते मला आज रात्री कळव.

तुझी मावशी