बाकावरची दोन वर्षं

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठ्या फुटबॉल क्लबचं बोलावणं आलंय, पण तिथे तुझ्या जागेवर आधीच तीन नावाजलेल्या फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल करणाऱ्या खेळाडू, आहेत. जाऊ की नको, असं विचारतेस. घरच्यांना क्लबचं नाव ऐकूनच आनंद झालाय, तो मी समजू शकतो.

सर्बियाची फॉरवर्ड योवाना दाम्न्यानोविच, तिचं सांगतो. १९९४चा जन्म, बेलग्रेडची, तिथल्याच रेड स्टार क्लबमध्ये घडलेली. अठराव्या वर्षी ती जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेली. फोक्सवॅगनच्या कारखान्याचं शहर, आणि तेव्हा युरोपातला सगळ्यात तगडा महिला संघ. २०१३ आणि २०१४, लागोपाठ दोनदा त्यांनी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. २०१४च्या लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात ०-२ असे मागे असताना ४-३ने जिंकले. विजयी गोल मार्टिना म्युलरचा. आघाडीला म्युलर आणि अलेक्झांड्रा पॉप खेळत असताना एकोणीस वर्षांच्या पोरीच्या वाट्याला किती मिनिटं येणार?

२०१५मध्ये तिने काय केलं बघ. युरोपचं विजेतेपद मिळवलेला संघ सोडून ती झांडला गेली. फ्रान्सच्या सीमेजवळचं हे लहानसं खेडं. त्यांचा संघ आदल्याच वर्षी जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, बुंडेसलिगात, आलेला. लांबून बघणाऱ्याला ही उतरण वाटेल. मला तो तिच्या सुरुवातीच्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षी झांड जर्मन कपच्या अंतिम फेरीत पोचलं. दोन्ही वेळा समोर वोल्फ्सबुर्ग, दोन्ही वेळा १-२ अशी हार. पण त्याच २०१७च्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिक या बड्या क्लबने तिला घेतलं, आणि २०२१मध्ये ती त्यांच्याबरोबर बुंडेसलिगा जिंकली.

वोल्फ्सबुर्गची वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. रोजच्या सरावात उत्तम बचावपटूंशी झुंजणं ही मोठी शिकवणी असते. पण फॉरवर्डला सामनाच लागतो गं. बाजूने गोलसमोर येणारा क्रॉस सुटायच्या आधी गोलच्या जवळच्या खांबाकडे धाव घ्यायचा तो अर्धा क्षण बाकावर बसून अंगात मुरत नाही. तुझ्यात तो आहे. मागच्या महिन्यात बचावपटूच्या पाठीमागून निघून तू डाव्या पायाने चेंडू नुसता वळवलास, तेव्हा मी जागेवरून उठलो होतो. पण गोल हुकला की तू लगेच साइडलाइनकडे, माझ्या तोंडाकडे बघतेस. ती सवय फक्त खेळून जाईल, भरपूर सामने खेळून.

माझी एक विद्यार्थिनी अशीच मोठ्या संघात गेली होती. जा म्हणणारा मीच. दोन मोसम ती बाकावर बसली आणि मग तिने बूट कायमचे काढून ठेवले. तिला किती सामने मिळतील, हे मी त्या लोकांना विचारलंच नव्हतं. ते मला अजून खुपतं.

म्हणून तू विचार. मागच्या मोसमात वीस वर्षांखालच्या किती मुली प्रत्यक्ष मैदानात उतरल्या? खेळायला मिळालं नाही तर दुसऱ्या क्लबला लोनवर, म्हणजे ठरावीक काळ तिकडून खेळायला, पाठवतील का, आणि हे करारात लिहून देतील का? उत्तरं गुळमुळीत आली, तर सही करू नकोस.

शनिवारी सरावानंतर थांब. आईबाबांना घेऊन ये, कराराचे कागदही आण. आपण सगळे मिळून ओळ न् ओळ वाचू.

तुझे
सर