कडी तोडू नका, बदलून घ्या

प्रिय मावशी,
माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. १५व्या वर्षी त्याला पहिली फिट आली. डॉक्टरांनी एपिलेप्सी सांगितली, गोळ्या सुरू झाल्या. गेल्या ७ महिन्यांत फिट आलेली नाही. तरी मी त्याच्याच खोलीत झोपते, रात्री तीन-चारदा उठून नाकाशी बोट धरून श्वास बघते. अंघोळीला गेला की दाराबाहेर उभी राहते. मागच्या आठवड्यात ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे का?’ म्हणून ओरडला. तेव्हापासून खोलीलाही आतून कडी लावतो, बोलत नाही. त्यातच त्याच्या कपाटात न घेतलेल्या २२ गोळ्या सापडल्या. त्याला शिकायला हॉस्टेलवर जायचंय. घरचे म्हणतात, चार लोकांत कळायला नको, घरातच राहू दे. हल्ली धांदरटही झालाय, सकाळी दात घासताना हातातून ब्रश उडतो. कडी काढून टाकू का?
— एक आई

ताई,

कडीचं सांगतेच, पण आधी तो ब्रश. तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथेच अडकले.

किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचा, म्हणजे एपिलेप्सीचा, एक प्रकार असतो. सकाळी जाग आल्यावर थोड्या वेळात हातांना, खांद्यांना विजेसारखा झटका बसतो. भान जात नाही, माणूस सहसा पडत नाही, फक्त हातातली वस्तू उडते. जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, तरी अजूनही घरोघरी त्याला धांदरटपणाच म्हणतात आणि मूल बोलणी खात राहतं. जागरण झालं, दारू घेतली, गोळ्या चुकल्या की हे झटके वाढतात. तुमच्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे, कारण काही गोळ्या एका प्रकारच्या फिटवर चालतात आणि हे झटके उलट वाढवतात. त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तर, दोन-तीन सकाळी फोनवर चित्रण करून ठेवा.

आता गोळ्या. यात थांबायला वेळ नाही, उद्याच डॉक्टरांशी बोला. फिटच्या गोळ्या मनाने एकदम बंद केल्या तर लागोपाठ फिट येऊ शकतात, आणि ५ मिनिटांच्या वर चाललेली फिट म्हणजे तातडीने दवाखाना. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायची नाही, हेही त्याला सांगा. ‘का घेतल्या नाहीस?’ हा प्रश्न मात्र उलटतपासणीसारखा विचारू नका. ‘या गोळ्यांनी तुला काय होतं?’ असं विचारा. कुणाला दिवसभर गुंगी येते, कुणाचं वजन वाढतं, कुणाचे केस जातात, कुणाला डोकं जड वाटून अभ्यास सुचत नाही. हे मुकाट सोसायची गरज राहिलेली नाही. १८५७ मध्ये ब्रोमाइड आलं तेव्हा रोगी अर्धा झोपेतच जगायचा. १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल आलं, १९३८ मध्ये फेनिटॉइन, आणि आज वीसहून जास्त औषधं आहेत. एक सोसत नसेल तर डॉक्टर दुसरं बघतात. आणि हे सगळं डॉक्टरांना त्याने स्वतः सांगायला हवं. तपासणीच्या खोलीत पहिला अर्धा वेळ तो एकटा जाऊ दे, तुम्ही नंतर जा. तुमच्यासमोर तो ‘ठीक आहे’ एवढंच म्हणणार.

गोळ्या लपवण्यामागे बहुतेक वेळा लाज असते. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये या आजारावर एक ग्रंथ लिहिला गेला. तो हिप्पोक्रेटसच्या नावावर आहे, आणि हा आजार देवाच्या कोपाने होत नाही, मेंदूतून होतो, असं त्यात ठणकावून सांगितलंय. त्यातली एक जागा वाचून माझ्या पोटात तुटलं. लेखक म्हणतो, मोठ्या माणसाला फिट येणार हे आधी उमगलं तर तो घराकडे पळतो, घर लांब असेल तर कुणी बघणार नाही अशा जागी जातो आणि अंगावरून पांघरूण ओढून घेतो. लोक समजतात देवाला भिऊन, पण तो हे लाजेने करतो. लहान मुलं मात्र फिट येणारसं वाटलं की आईकडे धावतात, कारण लाज काय असते ते त्यांना अजून ठाऊक नसतं.

तुमचा मुलगा १५व्या वर्षी तुमच्याकडे धावत आला असेल. आता तो पांघरूण ओढतोय. आणि ‘चार लोकांत कळायला नको’ हे घरातलं वाक्य त्याने शंभरदा ऐकलंय.

माझ्या धाकट्या बहिणीला फिट यायच्या. ती अंघोळीला गेली की मी दाराबाहेर बसायचे आणि तिने आतून मोठ्याने पाढे म्हणायचे, असं ठरलं होतं. आवाज थांबला की मी दार ढकलायचं. एकदा ती सतराच्या पाढ्यात नुसती अडली आणि मी धाडकन आत! ती लाजेने इतकी रडली की दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मोठी झाल्यावर ती म्हणाली, ‘फिटचं एवढं काही वाटायचं नाही गं, पण माझ्याशी कुणी भांडायचंच नाही. सगळे जपायचे.’ म्हणून तो तुमच्यावर ओरडला याचं मला वाईट वाटलं नाही. तुम्हीही एकदा मनसोक्त भांडून घ्या.

कडी तोडू नका. बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्या, खोलीला आणि बाथरूमला, त्याच्याशी बोलून. शक्य असेल तर बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारं दार अडून बसतं. अंघोळ बसून करायची, टबात नाही. पोहायला एकट्याने जायचं नाही. वाहनाचं डॉक्टरांना विचारूनच. एवढं पाळलं की दाराबाहेर उभं राहायची गरज नाही.

रात्रीचं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण बोट कशासाठी धरता ते कळलं. हो, अपस्मारात अचानक मृत्यू येऊ शकतो, आणि तो बहुतेकदा झोपेत येतो. मोठ्या माणसांत वर्षाला हजारात साधारण एकाला. ज्यांना सर्वांग आखडून झटके देणारी मोठी फिट वारंवार येते, विशेषतः रात्री, त्यांना हा धोका जास्त असतो. फिट आटोक्यात राहिली की तो खूप कमी होतो. खोलीत सोबतीला कुणी असणं उपयोगाचं असतं, तेव्हा तुम्ही तिथे झोपत होतात यात वेडेपणा काही नव्हता. पण राखणीचं मुख्य काम तुमच्या बोटाचं नाही, त्या २२ गोळ्यांचं आहे. हा धोका त्यालाही डॉक्टरांकडून कळू द्या. १९ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या जिवाबद्दलची गोष्ट माहीत असायलाच हवी.

हॉस्टेलला जाऊ द्या. लगेच नाही, गोळ्यांची घडी बसली आणि डॉक्टर ‘हो’ म्हणाले की. एकट्याची खोली नको, जोडीदार हवा. त्या जोडीदाराला आणि आणखी एका मित्राला तुमच्या मुलानेच सांगायचं, तुम्ही नाही: फिट आली तर घड्याळ बघा, डोक्याखाली मऊ काही द्या, दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, जीभ गिळली जात नाही, झटके थांबले की कुशीवर वळवा, ५ मिनिटांत थांबली नाही तर अँब्युलन्स. घरच्यांना हे पटणार नाही. पण ज्याला काही सांगितलेलं नाही, तो वेळेला चमचा घेऊन धावतो आणि दात पाडतो.

उद्या सकाळी त्याच्या खोलीशी जा. दार वाजवा, आणि तो ‘ये’ म्हणेपर्यंत बाहेरच थांबा. आत गेल्यावर आधी ब्रशचं विचारा, गोळ्यांचं नंतर.

— तुमची मावशी