रक्त कमी, मजुरी कमी : वाचकांचे प्रश्न

काजूचा हंगाम आला की थकव्याबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांतले काही इथे घेतो.

प्रश्न : बायको भाटात (बागायतीत) काजू वेचते. वय ३४. दुपारनंतर तिला दम लागतो, सारखी बसते. मुकादम आळशी म्हणतो. वयामुळे होत असेल का? (सत्तरी, गोवा)

नाही. ३४ हे दमायचं वय नव्हे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं १२ च्या खाली आलं की तो रक्तक्षय. मग स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, चढणीवर छाती धडधडते आणि माणूस बसतो. यात आळस कुठे आला? इंडोनेशियात १९७० च्या दशकात रबराच्या मळ्यांतल्या मजुरांवर अभ्यास झाला. चीक जितका, मजुरी तितकी. रक्तक्षय असलेल्यांचं काम कमी भरत होतं. ६० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते वाढलं. आपल्याकडे उलटं चक्र फिरतं. मजुरी घटली की मासळी-कडधान्य घटतं, आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवते ती बाईच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. "हंगाम संपू दे, मग बघू" हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, अनवाणी चालून अंकुशकृमी (आतड्यात रक्त शोषणारे जंत) झालेत का, हेही बघावं लागतं. याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

प्रश्न : बीट खाल्ल्याने रक्त वाढतं ना?

रंग लाल आहे, एवढंच. त्यावर विसंबू नका.

प्रश्न : दुकानदाराने रक्तवाढीचं महागडं टॉनिक दिलं. चालू ठेवू? (डिचोली)

तपासणीशिवाय औषध देणारा आपला गल्ला बघतो. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : सकाळी चहा-पाव खाऊन कामावर जातो. पुरे ना? (केपे)

नाही. उकड्या तांदळाची पेज घ्या, पण नुसती नको. सोबत कुळीथ, चवळी किंवा सुकी मासळी हवी. चहा जेवणानंतर तासाभराने प्या, तो लोह शोषू देत नाही. आणि भाटात पायाखाली पडलेले बोंडू (काजूची रसाळ फळं) खा! त्यातलं सी जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह अंगी लावतं. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : गोळ्यांनी शौचाला काळं होतं. बंद करू?

नको, ते लोहामुळे होतं. मात्र डांबरासारखं चिकट होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.