एपी ड्रॉइंगच्या पोर्टफोलिओसाठी वीस चित्रं कशी पूर्ण करायची?

तुमची मुलगी अमेरिकेत अकरावीला आहे, तिने एपी ड्रॉइंग (हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा चित्रकलेचा विषय, त्यात लेखी पेपरऐवजी कामांचा संच म्हणजे पोर्टफोलिओ द्यायचा असतो) घेतलंय आणि नोव्हेंबर आला तरी दाखवण्यासारखी सहाच चित्रं झालीत. मेपर्यंत वीस कशी होणार, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलीने २०२३ मध्ये हाच पोर्टफोलिओ दिला. तेव्हा मीही हाच हिशेब करत बसले होते आणि तो चुकीचा होता.

पोर्टफोलिओचे दोन भाग असतात. 'सिलेक्टेड वर्क्स'मध्ये तिची सर्वात चांगली पाच चित्रं जातात, त्याला ४० टक्के वजन. उरलेले ६० टक्के 'सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन'ला. तिथे १५ प्रतिमा लागतात, पण त्या १५ पूर्ण चित्रांच्याच असाव्या लागत नाहीत. कच्ची रेखाटनं, रंगांचे प्रयोग, अर्धवट सोडलेला कागद, एखाद्या चित्राचा जवळून काढलेला भाग, हे सगळं चालतं. चालतं काय, हवंच असतं. एक प्रश्न धरून मूल वर्षभर काय काय करून बघतं, कुठे अडतं, काय बदलतं, याला तिथे गुण आहेत. निवडलेली पाच चित्रं या १५ मधली असली तरी चालतात.

मला हे पचायला वेळ लागला. मी शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. स्थिरचित्र असो की संकल्पचित्र, ठरलेल्या वेळात नीटनेटका कागद हातात द्यायचा, खाडाखोड दिसता कामा नये, हे माझ्या अंगात मुरलेलं. त्याच सवयीने एका शनिवारी तिचं टेबल आवरताना मी आठ-दहा 'खराब' कागद रिसायकलच्या डब्यात टाकले. तिने ते रडत रडत परत काढले.

तिचा विषय होता आजीची सुती साडी. माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे होत्या, त्यांची साडी बेसमेंटमधल्या दोरीवर वाळत असायची. पहिली चार चित्रं कोळशाने हुबेहूब काढलेली, दिसायला छान, पण चारही सारखीच. शिक्षिकेने विचारलं, "यात तुझा प्रश्न काय?" पंधरा दिवस घरात तोच विषय होता. शेवटी तिने लिहिलं: अंगावरून उतरलेल्या कापडात माणूस किती उरतो? तिथून काम बदललं. कागद ओला करून त्यावर कोळसा ओढला, मेणाने घड्या काढून वरून पातळ शाई फिरवली. एका कागदावर पाणी जास्त झालं आणि पदराचा काठ पार वाहून गेला. मी डब्यात टाकलेल्यांपैकी तो एक. सासूबाई परत गेल्यावर तिने रिकामी दोरी काढली, त्या चित्रातला पुसट काठ या कागदावरूनच आलाय. पोर्टफोलिओत दोन्ही शेजारी शेजारी लावले.

म्हणून मुलीला आधी प्रश्न सापडू दे. 'निसर्ग', 'भावना' असले विषय फार मोठे पडतात. घरातली, रोज दिसणारी वस्तू बरी.

लिखाण शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आमच्या वेळी दोन उत्तरं होती, प्रत्येकी ६०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून: तुझा शोध कशाचा आणि तो प्रयोगांतून, बदलांतून कसा पुढे गेला. मोठमोठे शब्द वापरले की जागा संपते आणि सांगायचं राहून जातं. प्रत्येक प्रतिमेखाली साहित्य, पद्धत आणि आकारही लिहावा लागतो, तेव्हा प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने तारीख आणि साहित्य टिपून ठेवायची सवय लावा.

इंटरनेटवरचा फोटो बघून जशाच्या तसं चित्र काढलेलं चालत नाही, त्यात तिचं स्वतःचं काम ठळक दिसलं पाहिजे. एआयची साधनं तर कुठल्याच टप्प्यावर वापरायची नाहीत, कल्पना सुचवून घ्यायलासुद्धा. तिचा कल फोटोग्राफी किंवा ग्राफिक डिझाइनकडे झुकत असेल तर शिक्षकांशी लवकर बोला, ते काम ड्रॉइंगपेक्षा टू-डी, म्हणजे द्विमितीय डिझाइनच्या, वेगळ्या एपी पोर्टफोलिओत बसतं.

फोटो दिवसा खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. पेन्सिल आणि ग्रॅफाइट चमकतं आणि गडद भाग पांढरा दिसतो. फोन कागदाला समांतर धरा, नाहीतर चौकट तिरकी येते. फोटोत नाव, सही किंवा शाळेचं नाव दिसू देऊ नका. मुदत मेच्या सुरुवातीला असते. नुसतं अपलोड करून काम होत नाही, प्रत्येक भाग 'फायनल' म्हणून पाठवावा लागतो. आमच्याकडे हे दोन दिवस आधीच करायला घेतलं ते बरं झालं, कारण शिक्षिकेने एक फोटो पुन्हा काढायला सांगितला.

तुमच्या हातात अजून सहा महिने आहेत. आज रात्री तिच्याकडून त्या सहा चित्रांमागचे कच्चे कागद मागून घ्या आणि जमिनीवर ओळीने मांडा. किती प्रतिमा आधीच तयार आहेत ते तिथेच मोजता येईल.