टेलिकॉममध्ये घराण्याच्या पाठबळाशिवाय स्वतःची कंपनी उभी केलेली एखादी स्त्री आहे का? तिने भांडवल कुठून आणलं?

आहे. फुंके ओपेके, नायजेरिया. कंपनीचं नाव मेनवन.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअर झालात, एका टेलिकॉम कंपनीत काही वर्षं नोकरी करताय, आणि शोधायला गेलं की मोठ्या कंपन्यांच्या महिला सीईओंच्याच याद्या सापडतात. बरोबर आहे. त्या बहुतेक जणी दुसऱ्याने उभारलेली कंपनी चालवणाऱ्या. ओपेकेबाईंनी 24 कोटी डॉलर जमवून पोर्तुगालपासून नायजेरियातल्या लागोसपर्यंत समुद्राच्या तळाशी सुमारे 7,000 किलोमीटर केबल टाकली, बारा वर्षं ती कंपनी चालवली आणि मग विकली. मी स्वतः बँडविड्थच्या होलसेल धंद्यात आहे, म्हणून मला त्यांची गोष्ट इतरांपेक्षा जरा जास्त आवडते. पण ती 'जिद्दीच्या जोरावर' या छापाची गोष्ट नाही, हे आधीच सांगते.

बालपण नायजेरियातल्या इबादान शहरातलं. वडील कोको संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आई शिक्षिका. इले-इफेच्या विद्यापीठातून (आजचं ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठ) इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातून मास्टर्स. पुढची साधारण वीस वर्षं अमेरिकेत नोकरी, आणि शेवटी व्हेरायझन या अमेरिकी टेलिकॉम कंपनीच्या होलसेल विभागात मोठं पद. हा विभाग ग्राहकाला सिमकार्ड विकत नाही. तो दुसऱ्या कंपन्यांना लाइन, कपॅसिटी (म्हणजे केबलमधून डेटा न्यायची जागा), जोडण्या विकतो. टेलिकॉममधला सगळ्यात कंटाळवाणा समजला जाणारा कोपरा. तिथे जाहिरात नसते, सेलिब्रिटी नसतो. करार असतात, दर असतात आणि रात्री अडीचला सेवा बंद पडल्याचे फोन असतात. त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बी इथलं आहे असं माझं मत आहे.

2005 मध्ये त्या नायजेरियात परतल्या, एमटीएन नायजेरिया या मोबाइल कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी म्हणून. तेव्हाचा नायजेरिया डोळ्यांसमोर आणा. 2001 मध्ये मोबाइल परवान्यांचा लिलाव झाला, त्याआधी दहा कोटींहून जास्त लोकवस्तीच्या देशात फोनच्या जेमतेम पाचेक लाख लाइन. चार वर्षांत मोबाइलचा नुसता पूर आला होता. माणसं बोलत होती, पण इंटरनेट मात्र रखडलेलं. कारण देशातून बाहेर पडायचा रस्ताच अरुंद होता. एक पर्याय उपग्रहाचा. भूस्थिर उपग्रह 36,000 किलोमीटरवर, म्हणजे विनंती वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. अर्धा सेकंद यातच गेला. आणि सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या जोडणीला महिन्याला हजारो डॉलर. दुसरा पर्याय सॅट-3 ही समुद्री केबल, युरोपातून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारी. (तिचीच जोड-केबल 'सेफ' पुढे हिंदी महासागरातून आपल्या कोचीला येते.)

केबल होती, मग अडचण काय? इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण ओपेकेबाईंचा धंदा या फटीतच उभा राहिला. सॅट-3 ही कन्सोर्टियमची, म्हणजे अनेक कंपन्यांनी मिळून टाकलेली, केबल. प्रत्येक देशातल्या जुन्या, बहुधा सरकारी, टेलिफोन कंपनीने पैसे घालून ती बांधली आणि ज्याच्या किनाऱ्यावर ती उतरते तिथला तो मालक. नायजेरियात ती कंपनी म्हणजे नायटेल. म्हणजे एमटीएनला काय किंवा एखाद्या छोट्या इंटरनेट कंपनीला काय, केबलवरची जागा हवी तर नायटेलच्या दारात जायचं. नायटेलला दर कमी करायची गरज नाही, कारण शेजारी दुसरं दुकानच नाही. समुद्रात कपॅसिटी रिकामी पडलेली आणि किनाऱ्यावर दुष्काळ, अशी ती अवस्था. एमटीएननंतर ओपेके काही काळ नायटेलच्या आतही होत्या. ट्रान्सकॉर्प या नायजेरियन उद्योगसमूहाने नायटेलचा ताबा घेतला तेव्हा त्यांनी तिथे थोडा काळ कारभार पाहिला. म्हणजे त्यांनी हीच अडचण आधी गिऱ्हाईक म्हणून पाहिली, मग विक्रेत्याच्या खुर्चीतून पाहिली. नायटेल काही सुधारली नाही. ते काम एकट्या अधिकाऱ्याच्या हातातलं नव्हतंच.

2008 मध्ये त्यांनी मेन स्ट्रीट टेक्नॉलॉजीजमार्फत मेनवनचा घाट घातला. कल्पना सांगायला सोपी: खासगी केबल टाकायची आणि जो मागेल त्याला, एकाच नियमाने, कपॅसिटी विकायची. एमटीएनलाही विकायची, तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही. स्वतः सिमकार्ड विकायच्या भानगडीत पडायचं नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला 'ही आपलीच स्पर्धक' असा धाक वाटत नाही.

आता तुमचा पैशाचा प्रश्न. वर्ष पाहिलंत का? 2008. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली ते वर्ष. जगभरच्या बँका एकमेकींना कर्ज द्यायला घाबरत होत्या आणि ही बाई नायजेरियात पहिल्याच उद्योगासाठी 24 कोटी डॉलर मागत होती, तेही अशा वस्तूसाठी जी पूर्ण झाल्याशिवाय एक रुपयाही मिळवून देत नाही. अर्धी केबल विकता येत नाही. पैसा उभा राहिला तो मुख्यतः आफ्रिकेतून: आफ्रिका फायनान्स कॉर्पोरेशन, आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक, आफ्रिकेतल्या पायाभूत सुविधांसाठीचा एक गुंतवणूक फंड आणि नायजेरियन बँका. या लोकांना स्वप्न विकून चालत नाही. त्यांना मार्गाचा सर्व्हे लागतो, उतरण्याच्या जागेचे परवाने लागतात, कंत्राटदाराचा ठराविक किमतीचा करार लागतो आणि उद्या कपॅसिटी घेणारं गिऱ्हाईक कोण ते लागतं. यातली प्रत्येक गोष्ट ओपेकेबाईंनी वीस वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हाताळली होती. केबल बांधायचं काम टायको टेलिकम्युनिकेशन्सला दिलं. या कामातली जगातली मोजकी नावं आहेत, त्यांपैकी ती एक. बँकेला धीर येतो तो अशा नावाने.

जुलै 2010 मध्ये केबल सुरू झाली. पोर्तुगालमधलं सेशाल, मग घानातलं आक्रा, मग लागोस. रचना-क्षमता सेकंदाला 1.92 टेराबिट (एक टेराबिट म्हणजे दहा लाख मेगाबिट). आत केसाएवढे काचेचे तंतू, दर काही दहा किलोमीटरवर प्रकाश पुन्हा जोरकस करणारे रिपीटर, त्यांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्टचा वीजपुरवठा, आणि 25 वर्षं टिकावी अशी बांधणी. त्याच सुमारास ग्लोबाकॉम या नायजेरियन टेलिकॉम कंपनीची ग्लो-1 केबलही आली. म्हणजे एका दुकानाच्या जागी तीन झाली आणि घाऊक दर कोसळले. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम. पण मालकाच्या दृष्टीने बघा: तुम्ही कर्ज काढून जी वस्तू बांधली, तिचीच किंमत तुमच्या येण्यामुळे पडते आहे.

आणि दुसरी गोम. लागोसच्या वाळूपर्यंत टेराबिट आले, पुढे काय? देशाच्या आतल्या कानो किंवा एनुगू शहरापर्यंत न्यायला जमिनीवरचं फायबर हवं. त्यासाठी रस्ता खोदायची परवानगी हवी आणि तिथे प्रत्येक राज्य सरकारचा दर वेगळा, मर्जी वेगळी. आपल्याकडे राइट ऑफ वेच्या, म्हणजे अशाच खोदाईच्या परवानगीच्या, फायली कशा फिरतात हे तुम्ही नोकरीत पाहिलं असेलच, तेव्हा जास्त सांगत नाही. ओपेके हे उघडपणे बोलत राहिल्या. 2015 मध्ये मेनवनला लागोस विभागासाठी फायबर जाळ्याचा 'इन्फ्राको' परवाना मिळाला, पण देश म्हणून तो प्रश्न सुटला असं म्हणता येणार नाही. जिथे फायबर पोचलं तिथे मात्र फरक दिसला. लागोसच्या याबा भागात स्टार्टअप कंपन्या जमल्या, त्यात मेनवनच्या फायबरचा मोठा वाटा होता. पुढे फेसबुकबरोबर एडो आणि ओगुन राज्यांत फायबर टाकलं.

त्यांचं खरं धंद्याचं डोकं मला 2015 च्या निर्णयात दिसतं. लागोसला लेक्कीमध्ये त्यांनी एमडीएक्सआय नावाने डेटा सेंटर काढलं. कपॅसिटीचा दर पडतच जाणार, हे होलसेलवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण सर्व्हर ठेवायला वीज, थंडावा आणि विश्वासाची जागा, ही गोष्ट दुर्मीळ होती. त्या देशात बँकेच्या शाखासुद्धा डिझेल जनरेटरवर चालतात, तिथे चोवीस तास न विझणारी खोली म्हणजे सोनं. त्यातून 2016 च्या जूनमध्ये नायरा, म्हणजे तिथलं चलन, बाजाराच्या दरावर मोकळा सोडल्यावर तो एका दिवसात डॉलरला 197 वरून 280 च्या आसपास घसरला. यंत्रसामग्री डॉलरमध्ये, गिऱ्हाइकाचं बिल नायरात. अशा वेळी किती कंपन्या गुंडाळल्या जातात! मेनवन टिकली, 2019 च्या सुमारास केबलच्या फाट्याने सेनेगल आणि आयव्हरी कोस्टलाही जोडली.

डिसेंबर 2021 मध्ये इक्विनिक्स या अमेरिकी डेटा सेंटर कंपनीने मेनवन 32 कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. एप्रिल 2022 मध्ये सौदा पुरा झाला. (इक्विनिक्सचं नाव मुंबईतल्या डेटा सेंटरांमुळे तुम्ही ऐकलं असेल.) आता कुणी म्हणेल, 24 घातले आणि बारा वर्षांनी 32 मिळाले, यात काय मोठं? शंका रास्त आहे. शिवाय 32 कोटी हे कर्जासकट कंपनीचं मूल्य, आणि मधल्या काळात डेटा सेंटरं व फायबरवर आणखी खर्च झालाच. डोळे दिपवणारा आकडा नाही हा. पण वेळ बघा. सौदा पुरा झाला त्याच महिन्यात गुगलची इक्वियानो केबल लागोसला लागली. तिची रचना-क्षमता 144 टेराबिट. कुठे 1.92 आणि कुठे 144. स्वतःच्या वापरासाठी केबल टाकणाऱ्या कंपनीशी केबल विकून पोट भरणाऱ्याने किती दिवस भांडायचं? विकण्याचा निर्णय मला तरी पराभव वाटत नाही. नुसती केबल असती तर इक्विनिक्सने ढुंकून पाहिलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

विकल्यावरही त्या प्रमुख म्हणून राहिल्या, 2024 मध्ये पायउतार झाल्या. त्याच वर्षी 14 मार्चला आयव्हरी कोस्टजवळ चार केबल एकदम तुटल्या, त्यात मेनवनही होती. तिथे समुद्र तीनेक किलोमीटर खोल, म्हणजे जहाजाच्या नांगराचा प्रश्न नाही. समुद्रतळाच्या हालचालीचा संशय व्यक्त झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या बँका, मोबाइल सेवा, सगळं लंगडलं. दुरुस्तीला आठवडे गेले. 2008 च्या जानेवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटून आपल्याकडचं इंटरनेट कसं गुदमरलं होतं, ते आठवणाऱ्यांना हे समजेल.

तुमचा शेवटचा प्रश्न, आत्ता नोकरी सोडू का. मला विचाराल तर ज्या विभागात आहात तो आधी बघा. मार्केटिंगमध्ये असाल तर दोन वर्षं इंटरकनेक्ट (कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडण्याचं काम), कपॅसिटी किंवा फायबर टाकण्याच्या कामाकडे बदली मागा. करार वाचायला आणि दर काढायला तिथेच येतं. आणि सुरुवात समुद्रातून करायची गरज नाही. आपल्याकडे इंटरनेट सेवेचा परवाना देश, राज्य आणि जिल्हा अशा पातळ्यांवर मिळत आला आहे. डक्ट (केबलसाठी जमिनीखालच्या नळ्या), डार्क फायबर (टाकलेलं पण अजून न वापरलेलं फायबर), टॉवर यांसाठी आयपी-1 ही वेगळी नोंदणी आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर ही सगळी चौकट बदलते आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी दूरसंचार विभागाचे ताजे नियम स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. कुठल्या जिल्ह्यात, काय करायचं डोक्यात आहे ते कमेंटमध्ये लिहा, मग आकड्यांत बोलू.