स्मृती-शिष्यवृत्ती सुरू करताय? आधी हे बघा

दिवंगत माजी विद्यार्थ्याच्या नावे कॉलेजात शिष्यवृत्ती ठेवायची, तर जमलेले पैसे पहिल्याच वर्षी वाटून टाकू नका. १ लाखाच्या मुदत ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७,००० मिळतात. त्यातले ६,००० द्या, हजार मुद्दलात घाला, नाहीतर महागाईपुढे ती रक्कम नावापुरतीच उरते. ‘ही देणगी कायम निधीसाठी’ असं देणगीदाराकडून लेखी घ्याच.

परदेशातल्या मित्रांना पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम चालते. परदेशी नागरिकत्व असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय रुपयाही घेऊ नका.

आणि पैसे प्रवेशाच्या वेळीच द्या, स्नेहसंमेलनाची वाट बघू नका. पोरं फी भरतानाच अडतात.