नळाच्याच पाण्यात अमोनिया असेल तर?

प्रश्न : आमच्या 60 लिटरच्या टाकीत 8 गप्पी आणि 4 कोरीडोरास मासे आहेत. टाकी सुरू करून सात महिने झाले. दर रविवारी मी निम्मं पाणी बदलते. क्लोरीन उडून जावा म्हणून नळाचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून ठेवते. तरी पाणी बदललं की तासाभरात गप्पी वर येऊन धापा टाकतात. सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा ठीक. शेवटी टेस्ट किट आणलं. टाकीत अमोनिया शून्य आणि बादलीतल्या स्वच्छ पाण्यात 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग)! मग पाणी बदलणंच बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. तुमच्या पत्रातलं ‘सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा ठीक’ हे वाक्य वाचून मला हायसं वाटलं. रविवारी नळातून आलेला अमोनिया तुमच्या फिल्टरमधले जिवाणू दिवसाभरात फस्त करतात, असा त्याचा अर्थ. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. हा नायट्रेट मात्र टाकीतच साचत जातो, तो कमी करायला पाणी बदलावंच लागतं. प्रश्न आहे तो रविवारच्या त्या काही तासांचा.

हा अमोनिया येतो कुठून? पुष्कळ ठिकाणी पाणी निर्जंतुक करताना क्लोरीनच्या जोडीला अमोनियाही घालतात. दोघांचं मिळून क्लोरामाइन होतं आणि ते लांबच लांब पाइपांमधून जाताना क्लोरीनपेक्षा जास्त टिकतं. टिकतं म्हणूनच बादलीत रात्रभर ठेवल्याने ते जात नाही. ‘पाणी एक रात्र ठेवा’ हा सल्ला नुसत्या क्लोरीनपुरता बरोबर आहे. बहुधा तुमच्या नळाला क्लोरामाइनचंच पाणी येत असावं. तसं असेल, तर गप्पींच्या धापा एकट्या अमोनियामुळे नाहीत, क्लोरामाइनसुद्धा माशांच्या कल्ल्यांना इजा करतं.

साधे अँटी-क्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, इथे अर्धंच काम करतात. क्लोरीन निकामी होतो, अमोनिया मोकळा सुटतो. तेव्हा बाटलीवर ‘क्लोरामाइन’ आणि ‘अमोनिया’ हे दोन्ही शब्द असलेलं वॉटर कंडिशनर आणा. ते अमोनियाला काही काळ बांधून ठेवतं आणि तेवढ्या वेळात फिल्टर त्याला संपवतो. बादलीत घालत असाल तर बादलीच्या पाण्याइतका डोस, थेट टाकीत घालत असाल तर सबंध टाकीच्या पाण्याइतका. कंडिशनर घातल्यावरही किटवर आकडा दिसेल. घाबरून दुसरा डोस ओतू नका. बरीचशी किट बांधलेला अमोनियासुद्धा मोजतात. परीक्षानळी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदापुढे धरून रंग बघा. रात्री दिव्याखाली पिवळा आणि फिकट पोपटी यांत हमखास गल्लत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निम्मं पाणी एकदम बदलू नका. 60 लिटरमध्ये 30 लिटर नवं पाणी घातलं की टाकीतला अमोनिया एकदम अर्ध्या पीपीएमवर जातो. तेच 12 लिटर घातलं तर 0.2 वर. रविवारी 12 आणि बुधवारी 12 असं करा. मधले दिवस फिल्टरला पुरतील.

पीएचही, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, तपासा. किट जो अमोनिया दाखवतं, त्यातला सगळाच विषारी नसतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास. आकडा तोच, पण माशांना त्रास दहापट. म्हणून ज्यांचं पाणी जड आणि पीएच चढा आहे, त्यांनी 0.2 सुद्धा हलक्यात घेऊ नये.

फिल्टरबद्दल मी कळकळीने सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. टाकी नवीन असताना मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ धुतला. पिळला की तपकिरी, बुळबुळीत पाणी निघायचं, ते निघायचं थांबेपर्यंत पिळत राहिले. घाण गेली म्हणून समाधानही वाटलं. ती घाण म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती आणि जी उरली असेल ती नळाच्या पाण्याने मारली. तिसऱ्या दिवशी माशांचे कल्ले लालभडक झाले, सहापैकी चार गेले. तेव्हापासून टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच स्पंज दोन-तीनदा बुचकळते, बस्स. तुमच्या नळाच्या पाण्यात अमोनिया आहे, म्हणजे तुमची सगळी भिस्त त्या स्पंजावर आहे.

टाकीत हॉर्नवर्ट किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती सोडल्यात तर आणखी चांगलं. त्या अमोनिया थेट खातात.

प्रश्न : अमोनिया शोषून घेतो म्हणून मी फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे ठेवलेत. एका माशाला बुरशी झाली म्हणून टाकीत मीठ घातलं, तर दुसऱ्या दिवशी अमोनिया उलट वाढला. मिठात काही भेसळ असेल का?

उत्तर : मिठाचा दोष नाही. झिओलाइट अमोनिया धरून ठेवतं, पण मिठातलं सोडियम आलं की त्याला जागा देऊन अमोनिया सोडून देतं. वापरलेले खडे पुन्हा ताजे करायला मिठाच्या पाण्यात भिजवतात ते यासाठीच. तुमच्याकडे तेच टाकीच्या आत घडलं. खडे आजच काढा, पाव भाग पाणी कंडिशनर घालून बदला आणि आजारी माशाला मीठ द्यायचंच असेल तर वेगळ्या भांड्यात द्या. खडे परत टाकीत ठेवण्याआधी टाकीतलं मीठ दोन-तीनदा पाणी बदलून कमी होऊ द्या.